पो पो पो: शब्द गळून उरलेली धून

2006 च्या फुटबॉल विश्वचषकाचं अधिकृत गाणं कोणतं होतं, हे आज फार थोड्यांना आठवेल. ते होतं 'द टाइम ऑफ अवर लाइव्ह्ज', इल डिवो आणि टोनी ब्रॅक्स्टन यांनी गायलेलं. नावं मोठी, चाल भारदस्त, आणि स्पर्धा संपली तसं गाणंही संपलं. त्याच स्पर्धेतून जी धून जगभर गेली ती कुणी बनवून घेतलेली नव्हती. इटलीचे समर्थक ती 'पो, पो पो पो पो पो, पो' अशी म्हणायचे. ती डेट्रॉइटच्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' या दोन माणसांच्या बँडची आहे, तिचं नाव 'सेव्हन नेशन आर्मी' आहे, आणि मूळ गाण्याचा खेळाशी काही संबंध नाही, हे ती धून म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

मैदानी गाणं कसं तयार होतं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला नमुना नाही. गर्दी गाणं उचलत नाही. गाण्यातलं जे आपल्याला पेलत नाही ते सगळं ती टाकून देते, आणि उरतं ते मैदानी गाणं. इथे शब्द गेले, कडवी गेली, गायकाचा आवाज गेला, गिटारही गेली. उरले सात आघात.

सुरुवात जानेवारी 2002 मधली. मेलबर्नच्या रिचमंड भागातलं कॉर्नर हॉटेल हे संगीताच्या कार्यक्रमांसाठी ओळखलं जाणारं ठिकाण. तिथे कार्यक्रमाआधी साउंडचेक चालू असताना बँडचा गायक-गिटारवादक जॅक व्हाइट याच्या हाताला हा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरावटीचा तुकडा, लागला. सोबत असलेल्या बेन स्वँक या मित्राला त्याने तो ऐकवला, पण स्वँकला त्यात फार काही वाटलं नाही. जॅकच्या मनात हा रिफ कधीतरी जेम्स बाँडच्या चित्रपटाचं शीर्षकगीत करायला मिळालं तर त्यासाठी राखून ठेवायचा होता. ती संधी आपल्याला कोण देणार, असा विचार करून त्याने तो वापरून टाकला. गंमत म्हणजे 2008 मध्ये 'क्वांटम ऑफ सोलेस'चं शीर्षकगीत त्याच्याकडे खरोखर आलं, अलिशा कीजसोबत. तोवर राखीव माल संपला होता.

नावाचीही कथा छोटीच. 'साल्व्हेशन आर्मी' या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं नाव लहानपणी जॅकला 'सेव्हन नेशन आर्मी' असं ऐकू यायचं. शब्द लिहून होईपर्यंत रिफला ओळखायला काहीतरी हवं म्हणून हे नाव दिलं, आणि तेच राहिलं. सात राष्ट्रांचं सैन्य वगैरे काही नाही. गाण्याचे शब्द मुळात प्रसिद्धी मिळू लागल्यावर पाठीमागे चालणाऱ्या कुजबुजीला वैतागलेल्या माणसाचे आहेत. स्टेडियममध्ये ते कुणी म्हणत नाही ते बरंच आहे.

ध्वनिमुद्रण एप्रिल 2002 मध्ये लंडनच्या हॅक्नी भागातल्या टो रॅग स्टुडिओत झालं. आठ ट्रॅकचं टेपयंत्र, जुनी उपकरणं, संगणक अजिबात नाही. 'एलिफंट' हा अल्बम एप्रिल 2003 मध्ये बाजारात आला. पहिलं सिंगल, म्हणजे अल्बममधून स्वतंत्रपणे काढायचं गाणं, म्हणून रेकॉर्ड कंपनीला त्यातलं दुसरंच गाणं हवं होतं, पण जॅक अडून बसला. ब्रिटनच्या यादीत 'सेव्हन नेशन आर्मी' सातव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि 2004 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं. यशस्वी गाणं म्हणून त्याची गोष्ट इथे संपू शकली असती.

आता रिफ उघडून बघू, कारण पुढचं सगळं त्याच्या बांधणीत आहे.

गाणं ई मायनरमध्ये आहे. ई हा षड्ज धरला तर धून अशी पडते: सा, सा, कोमल ग, सा, मंद्रातला कोमल नी, मंद्रातला कोमल ध, मंद्र पंचम. आघात सात, पण वेगवेगळे स्वर पाचच. वरचा कोमल गंधार ते खालचा पंचम एवढाच पल्ला, म्हणजे आठ अर्धस्वर. एका सप्तकाच्याही आत. गाता न येणाऱ्या माणसालाही हा पल्ला जमतो, आणि मैदानात भरलेली माणसं बहुतेक अशीच असतात. शिवाय चढ एकदाच आहे, षड्जावरून गंधारावर. बाकी सगळा उतार. दम संपत आलेला असताना स्वर खाली जात राहतात, म्हणजे गळ्याच्या स्वाभाविक कलानेच.

लय मिनिटाला सुमारे 124 मात्रांची. क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात टिकटिक करणारा यांत्रिक ठोका, लावून वाजवलेलं नसल्यामुळे ती थोडी हलते. धून आठ मात्रांत बसते. पहिला सा दीड मात्रा धरायचा. दुसरा सा अर्धी मात्रा, म्हणजे दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात. तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेत मिळून ग, सा, नी हे तीन स्वर. मग पाचवी-सहावी मात्रा भरून ध, सातवी-आठवी भरून प. एक आवर्तन साधारण 3.9 सेकंदांचं होतं.

मधल्या तीन स्वरांवर वाजवणाऱ्यांत मतभेद आहेत. काही जण ते दोन मात्रांत तीन समान भाग, म्हणजे ट्रिप्लेट, असे लिहितात. काही जण पाऊण, पाऊण, अर्धी अशी विभागणी करतात. 124 च्या लयीत या दोन वाचनांमधला फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो, त्यामुळे कानाला दोन्ही पटतात. गर्दी नेहमी समान भागच करते, आणि तिचं चुकत नाही. मुद्दा एवढाच की ते तीन स्वर खालच्या ठोक्याला तिरके जातात. बास ड्रम दर मात्रेला सरळ पडत असतो आणि वरून तिनाचं वळण येतं. पाय सरळ, गळा तिरका. हे वळण काढून टाकलं, ग-सा-नी ठोक्यात ठोका मिळवून म्हटलं, तर धून एकदम शाळेच्या कवायतीसारखी वाटू लागते. करून बघावं.

गाण्यात आणखी एक मोठी मोकळी जागा आहे. याला शब्दांचं ध्रुवपद नाही. कडवं संपतं, ताण वाढतो, आणि जिथे बाकीच्या गाण्यांत सगळ्यांनी म्हणायची ओळ येते तिथे तोच रिफ मोठ्या आवाजात, मुद्दाम फाटका केलेल्या (डिस्टॉर्टेड) गिटारच्या आवाजात येतो. गायक गप्प. ध्रुवपदाची जागा रिकामी आणि त्या जागी गुणगुणता येईल अशी धून: गर्दीला याहून उघडं आमंत्रण देता येणार नाही. मात्र ते दिलं असल्याची कल्पना दोघाही वादकांना नव्हती.

बँडमधली दुसरी वादक मेग व्हाइट, तिच्या ड्रमिंगवर 'फारच साधं' अशी टीका तेव्हा सर्रास व्हायची. या गाण्यात बहुतेक वेळ दर मात्रेला एक ठोका आहे, बस्स. तो ठोका हातपाय असलेल्या कुणालाही देता येतो. बाकावर लाथ मारून, कठड्यावर हात आपटून, उड्या मारून. तिथे कौशल्य दाखवणारं काही असतं तर मैदानातल्या गर्दीने ते उचललं नसतं.

वाजवायचं असेल त्यांच्यासाठी थोडं थांबतो. रेकॉर्डवर ऐकू येणारा तो जाड आवाज बास गिटारचा नाही. जॅकने 1950 च्या दशकातली के कंपनीची अर्धपोकळ गिटार घेऊन डिजिटेकच्या व्हॅमी या पायाने चालवायच्या पेडलने स्वर एक सप्तक खाली आणला. गिटार ओपन ए मध्ये, म्हणजे मोकळ्या तारांतून ए चा मेळ वाजेल अशी, लावलेली होती, पण पाचवी तार त्यातही ए चीच राहते, त्यामुळे नेहमीच्या लावणीतही बोटं तीच पडतात. पाचव्या तारेवर सातवा पडदा, पुन्हा सातवा, दहावा, सातवा, पाचवा, तिसरा, दुसरा. बास गिटारवरही ए च्या तारेवर हेच पडदे, आणि तिथे पेडलशिवाय नेमकी तीच उंची मिळते. पहिला स्वर 82 हर्ट्झच्या आसपास, शेवटचा पंचम 62 च्या.

घरी बिघडतं ते तीन ठिकाणी. पेडल पुढे पूर्ण दाबलेलं नसेल तर स्वर एक सप्तक उतरण्याऐवजी मधेच कुठेतरी लटकतो आणि सगळंच बेसूर ऐकू येतं. दुसरं, या जातीची जुनी पेडलं एका वेळी एकच स्वर नीट ओळखतात. शेजारची तार वाजत राहिली की आवाज गुरगुरायला लागतो, म्हणून उजव्या तळव्याने बाकीच्या तारा दाबून ठेवाव्या लागतात. तिसरं, आठ इंची स्पीकरच्या छोट्या अॅम्पमधून 62 हर्ट्झ नीट बाहेरच पडत नाही. कान वरच्या पटीतल्या लहरींवरून खालचा स्वर भरून काढतो, त्यामुळे धून ओळखू येते, पण छातीत जाणवत नाही. स्टेडियमच्या भोंग्यांतूनही खालची पट्टी बरीचशी कापली जाते. तिथेही कानाची हीच करामत धून वाचवते.

आता प्रवास. 22 ऑक्टोबर 2003 रोजी बेल्जियमच्या क्लब ब्रुजचा सामना मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर एसी मिलानशी होता. मिलान त्या वर्षीचे युरोपीय विजेते, आणि बेल्जियन संघाकडून फार अपेक्षा कुणालाच नव्हती. सामन्याआधी ब्रुजचे समर्थक मिलानमधल्या एका बारमध्ये बसले होते. तिथे हे गाणं लागलं आणि त्यांनी ते उचललं. स्टेडियममध्येही ते चालूच राहिलं. 33 व्या मिनिटाला अँड्रेस मेंडोझाने गोल केला, आणि ब्रुज 1-0 ने जिंकलं. जिंकलेल्या रात्रीची चाल टाकून देणारे समर्थक जगात नाहीत. ती ब्रुजला परत गेली, आणि तिथल्या यान ब्रेडेल स्टेडियममध्ये गोल झाल्यावर वाजू लागली.

तिथे ती सव्वादोन वर्षं राहिली. हा काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. जगप्रसिद्ध वगैरे होण्याआधी ती एका मध्यम आकाराच्या शहरातल्या क्लबची घरगुती चीज होती आणि दर सामन्याला घासून गुळगुळीत होत होती. फेब्रुवारी 2006 मध्ये युएफा कप या युरोपीय क्लब स्पर्धेसाठी रोमचा क्लब एएस रोमा तिथे आला. रोमा 2-1 ने जिंकली, आणि रोमाच्या समर्थकांनी यजमानांची चाल सोबत नेली. कर्णधार फ्रान्चेस्को टोटीने नंतर सांगितलं की ब्रुजच्या मैदानात पाऊल टाकेपर्यंत त्याने हे गाणं कधी ऐकलंच नव्हतं, आणि मग ती 'पो पो पो' डोक्यातून जाईना, म्हणून त्याने बँडचा अल्बम विकत घेतला. हरलेल्यांकडून चाल जिंकलेल्यांकडे गेली. मैदानी गाण्यांच्या बाबतीत हे अगदी नेहमीचं आहे: समोरच्या स्टँडमधून जे ऐकून चीड आली तेच पुढच्या आठवड्यात आपल्या तोंडी बसतं.

चारच महिन्यांनी जर्मनीत विश्वचषक. टोटी इटलीच्या संघात होता, रोमाचे समर्थक बाकीच्या इटालियनांत मिसळले होते. एरवी हे क्लब एकमेकांची चाल कधी म्हणणार नाहीत. रोमाची म्हणून ओळख असलेलं गाणं मिलानी माणूस तोंडात घेत नाही. पण ही रोमाची जुनी चाल नव्हती, नुकतीच परदेशातून आलेली होती आणि तिला शब्दच नव्हते. शब्द नाहीत म्हणजे कुठल्या क्लबचं नाव नाही, कुठल्या शहराची बोली नाही. सगळ्यांना ती चालली. 4 जुलैला डॉर्टमुंडमध्ये जादा वेळेत यजमान जर्मनीला 2-0 ने हरवलं, 9 जुलैला बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये फ्रान्सशी 1-1 बरोबरीनंतर पेनल्टींवर 5-3. विजयानंतर ही चाल इटलीभर रस्त्यारस्त्यांवर होती. रोलिंग स्टोन्सच्या सान सिरोवरच्या कार्यक्रमात इटलीच्या संघातले मातेराझ्झी आणि देल पिएरो मंचावर आले आणि त्यांनीही प्रेक्षकांकडून तीच म्हणवून घेतली. 2003 मध्ये जिथून ती निघाली त्याच स्टेडियममध्ये.

'पो' या अक्षराकडे मात्र पुरेसं लक्ष कुणी दिलेलं नाही. इंग्रज समर्थक हीच धून 'ओ' वर म्हणतात, आणि तिथे एक गोष्ट बिघडते. पहिले दोन आघात एकाच स्वराचे आहेत. 'ओ... ओ' म्हणताना मध्ये व्यंजन नसल्यामुळे दोन्ही एकात मिसळून लांबट 'ओऽऽऽ' होतो. दुसऱ्या सा ची ती अर्धी मात्रा, जी पुढच्या तिनाला धक्का देते, ती नाहीशी होते. 'प' म्हणायला ओठ मिटावे लागतात. दर आघाताला हवा थांबते आणि फुटते. हजारो माणसांचे ओठ एकाच क्षणी उघडले की आघाताची कड स्पष्ट राहते. इटालियनांनी हे विचार करून केलं असेल असं नाही, पण सात आघातांना सात 'पो' देऊन त्यांनी मूळ रिफची मात्रा जशीच्या तशी सांभाळली.

इंग्लंडमध्ये मिसळून गेलेल्या त्या 'ओ' चाही उपयोग झाला. पहिले दोन आघात 'ओ' ने भरले की मागे तीन झटपट आणि दोन लांब अशा पाच जागा उरतात. या जागांत खेळाडूचं नाव बसवायचं. 'ओऽ सान-ती-का झोर-ला': आर्सेनलच्या समर्थकांनी सांती काझोर्लासाठी म्हटलेली ही ओळ तंतोतंत बसते. मँचेस्टर सिटीत 'ओऽ के-विन-डे ब्रॉय-ना' अशीच. नियम सोपा: पाच अक्षरं, आणि नावातला भर चौथ्या अक्षरावर यायला हवा, कारण लांब धैवत तिथे पडतो. चार अक्षरी नाव असेल तर तिनातला एक आघात ताणावा लागतो आणि धून लंगडते. सहा अक्षरी नाव बसवताना लांब धैवताचे दोन तुकडे करतात, आणि मग जिथे सगळ्यांनी श्वास ताणून धरायचा तिथेच घाई होते. भर तिसऱ्या अक्षरावर असलेलं नाव पाच अक्षरांचं असूनही जमत नाही. माणूस नकळत नावाचा उच्चारच मोडतो, आणि अशी चाल दोन सामन्यांत विरून जाते.

याच हिशोबाने ती राजकारणातही गेली. 20 मे 2017 रोजी इंग्लंडमधल्या ट्रॅनमेअर रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या प्रेंटन पार्क मैदानावरच्या संगीत महोत्सवात मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन बोलायला उभे राहिले आणि गर्दीने 'ओऽ जे-रे-मी कॉर-बिन' सुरू केलं. तीन आणि दोन. मैदान फुटबॉलचं होतं, तिथे फुटबॉलची चाल सुचणं साहजिकच. महिन्याभराने ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवात तीच ओळ घुमत होती. दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर 2024 मध्ये जॅक आणि मेग यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेवर एका व्हिडिओत हे गाणं वापरल्याबद्दल स्वामित्वहक्काचा दावा लावला. नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला गेला. फुटबॉलच्या समर्थकांबद्दल मात्र जॅकची भूमिका नेहमी उलटी राहिली आहे. लोकांनी एखादी चाल आपली मानून तिला लोकसंगीतात जागा दिली, यापेक्षा सुंदर गोष्ट संगीतात नाही, असं तो 2006 च्या सुमारास म्हणाला होता.

मोठ्या स्टेडियममध्ये ही धून का टिकते आणि बाकीची गाणी का विस्कटतात, याचं उत्तर बरंचसं भौतिकशास्त्रात आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. फुटबॉलचं मैदान 105 मीटर लांब, त्यात दोन्ही टोकांची मोकळी जागा आणि स्टँडची खोली धरली तर एका गोलमागच्या स्टँडपासून समोरच्या स्टँडपर्यंत अंतर सहज 160-170 मीटर भरतं. म्हणजे समोरच्यांचा आवाज जवळपास अर्धा सेकंद उशिरा पोचतो. 124 च्या लयीत एक मात्रा 0.48 सेकंदाची. थोडक्यात, समोरचा स्टँड तुम्हाला जवळजवळ नेमका एक मात्रा मागे ऐकू येतो.

भरभर शब्द असलेलं गाणं या अंतराने चिरडलं जातं. एकाचं तिसरं अक्षर दुसऱ्याच्या पाचव्यावर पडतं आणि उरतो नुसता गलका. हीच धून स्वतःवर एक मात्रा सरकवून बघितली तर मजा दिसते. तिसऱ्या मात्रेत आपण गंधार घेतो तेव्हा मागून येणारा स्टँड अजून षड्जावरच असतो, तंबोऱ्यासारखा. सहाव्या मात्रेत दोघेही धैवतावर, आठव्यात दोघेही पंचमावर. पहिल्या मात्रेत आपला षड्ज आणि त्यांचा उरलेला पंचम, म्हणजे सगळ्यात जुना संवाद. आठपैकी खरा खटका एकाच ठिकाणी, सातव्या मात्रेवर, जिथे आपला पंचम आणि त्यांचा कोमल धैवत अर्ध्या स्वराच्या अंतरावर घासतात. तेवढं गर्दीला पचतं. थोडी धार येते, इतकंच.

तरीही फसतं. ढोल नसेल आणि प्रत्येक स्टँड कानाने दुसऱ्याची वाट बघू लागला तर लय आवर्तनागणिक सैल होत जाते. टाळ्या सुरू झाल्या की उलट, लय धावते. म्हणून अनुभवी म्होरक्या, इटलीत ज्याला कापो म्हणतात, मैदानाकडे पाठ करून लोकांकडे तोंड करतो आणि हात वर करून ठोका दाखवतो. प्रकाशाला उशीर होत नाही. ढोल स्टँडच्या मधोमध, खालच्या रांगांत हवा. कोपऱ्यात ठेवला तर दुसऱ्या टोकाला तो उशिरा पोचतो आणि एकाच स्टँडचे दोन तुकडे पडतात. सुरुवातीचा स्वर ओरडून द्यायचा नाही. ओरडलेला षड्ज उंच लागतो, वरचा गंधार फाटतो आणि तिसऱ्या आवर्तनाला अर्धे लोक गप्प होतात. बोलण्याच्या पट्टीहून जरासा वर, पुरुषी गळ्याला 165 हर्ट्झच्या आसपासचा ई, हा सगळ्यांना झेपतो. त्याखाली गेलं तर शेवटचा पंचम ऐकूच येत नाही.

अमेरिकेत ही धून प्रामुख्याने अमेरिकन फुटबॉलच्या मैदानांवर रुजली. बाल्टिमोर रेव्हन्सच्या सामन्यात ती हमखास ऐकू येते, पेन स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचीही ती आवडती. अमेरिकेबाहेर, डार्ट्समध्ये नेदरलँड्सचा मायकल व्हॅन गर्वेन तिच्यावर मंचाकडे चालत येतो. अमेरिकी विद्यापीठांच्या बँडनी ती उचलल्यावर एक व्यवहाराची अडचण आली. मूळ ई मायनर गिटारला सोपं, पण फुंकवाद्यांचे लिहिलेले स्वर ऐकू येणाऱ्या स्वरांहून वेगळे असतात, त्यामुळे बी फ्लॅटच्या ट्रम्पेटला तेच एफ शार्प मायनर पडतं, तीन शार्प (चढवलेले स्वर), आणि आल्टो सॅक्सोफोनला सी शार्प मायनर, चार शार्प. थंडीत, चालता चालता, नवख्या वादकांना हे नको. जी मायनर घेतलं की ट्रम्पेट ए मायनरमध्ये येतो, एकही शार्प नाही, आणि सॅक्सोफोनला एकच. मूळ धून सुझाफोन आणि ट्रॉम्बोन या खालच्या स्वरांच्या पितळी वाद्यांना द्यायची, ट्रम्पेटला दुसऱ्या आवर्तनापासून वरच्या सप्तकात आणायचं. सगळ्यांनी पहिल्यापासूनच फुंकलं तर चढायला जागाच उरत नाही.

अधिकृत मान्यता मागाहून आली. 2008 च्या युरोत, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेत, संघ मैदानात उतरताना, 2012 च्या युरोत गोल झाल्यावर ही धून स्पीकरवरून वाजली. इथे मला एक तक्रार आहे. गोल झाला की ध्वनिनियंत्रक अर्ध्या सेकंदात रेकॉर्ड सोडतो आणि पूर्ण आवाजात तीस सेकंद चालू ठेवतो. सात-आठ आवर्तनं होतात, लोक हात हलवतात, आणि गात कुणीच नाही. स्पीकर इतका मोठा असतो की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, आणि जो आवाज ऐकू येत नाही तो माणूस लवकरच बंद करतो. आधी आरडाओरडा ओसरू द्यावा, चार-पाच सेकंद. मग रिफ सोडावा, कडवं कापून, नुसता रिफ आणि बास ड्रम. दोन आवर्तनं पूर्ण आवाजात, तिसऱ्यात निम्म्यावर. आणि बंद करायचं ते मधेच कुठेही नाही, चौथ्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर, पंचम संपताना. पुढचा सा लोक आपसूक घेतात.